मी पाहिलेली भुते

(कोजागिरीच्या रात्री मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



आठ दिवसांपूर्वी चिटणीसबाईंनी मला जिन्यातच गाठले आणि म्हणाल्या, "यंदा कोजागिरीला भुताच्या गोष्टी ठेवल्या आहेत. तुम्ही जन्मभर इस्पितळात रात्रपाळ्या केल्यात, तुमच्या पोतडीत दोन-चार तरी असतीलच." मी म्हटले, आहेत, दूध आटेपर्यंत पुरतील. पण घरी जाऊन आठवू लागले, तेव्हा ध्यानात आले की त्यांतली एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. ती सांगायची असेल तर आजच, कारण मला आता एकोणऐंशीवे सरत आले आहे आणि पुढच्या कोजागिरीची हमी कोणी द्यावी? मीच पुढच्या वर्षी गच्चीवर पांढरे पातळ नेसून आले तर चिटणीसबाईंची पंचाईत व्हायची.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले, संगमेश्वराकडचे. आमच्याकडे पाण्याची टंचाई पडे, तांदळाची पडे, भुतांची मात्र कधी पडली नाही. पिंपळावर मुंजा, वडावर समंध, ओढ्यात गिऱ्हा, वाटेवर चकवा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा 1909 साली अनंत कान्हेरे यांनी वध केला, त्यांना लोकांच्या समजुती टिपून ठेवण्याचा नाद होता. त्यांच्या टिपणांवरून एंथोवेन या दुसऱ्या एका साहेबाने 1915 साली कोकणच्या समजुतींचे इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. त्यातली बरीचशी माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली आहे. ते मी निवृत्तीनंतर वाचले आणि लहानपणी ऐकलेली सारी मंडळी मला त्यात हजेरीपटावर मांडल्यासारखी भेटली. बाळंतपणात गेली ती हडळ, नवरा मागे ठेवून गेली ती जखीण, विधवा होऊन गेली ती लावसट. म्हणजे बाईने मरावे तरी कसे, सांगा! नवऱ्याआधी गेली तरी भूत, मागून गेली तरी भूत. पुरुषांतही भुते होतात, नाही असे नाही. पण वेताळ पाहा, तो भुतांचा राजा, त्याची देवळे आहेत, त्याला नारळ फुटतात. हडळीचे देऊळ मी तरी अजून पाहिलेले नाही.

चकव्याचा अनुभव मात्र माझा स्वतःचा आहे. 1962 साल, श्रावणाचे दिवस. मी तालुक्याला शाळेत होते. सुटीला घरी निघाले तर एस. टी. उशिरा आली आणि आमचे नाना फाट्यावर कंदील घेऊन उभे. तिथून सडा ओलांडून गाव दीड कोस. सड्यावर इतके धुके उतरले होते की कंदिलाचा उजेड हातभरसुद्धा पुढे जाईना. आम्ही चालतोय, चालतोय, आणि पुढे एक वाकडे आसाण्याचे झाड. पुन्हा अर्धा तास चाललो, पुन्हा तेच झाड, त्याच्या बुंध्याशी तोच मोठा धोंडा. तिसऱ्यांदा ते झाड दिसले तशी मी नानांचा सदरा घट्ट धरला. नाना काही बोलले नाहीत. धोंड्यावर बसले, मला जवळ घेतले, विडी पेटवली आणि म्हणाले, "चकवा लागला. आता उजाडेपर्यंत हलायचे नाही." उजाडल्यावर पाहिले तो आमची पाणंद दोन-तीनशे पावलांवर होती.

आता ऐका. जर्मनीत काही शास्त्रज्ञांनी माणसांना अनोळखी रानात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ चालली. ढग आले, चंद्र मावळला, की वळू लागली आणि आपल्याच वाटेला आडवी आली. डोळे बांधले तर अवघ्या वीस मीटर व्यासाच्या रिंगणातही फिरली, आणि प्रत्येकाला वाटत होते, आपण नाकासमोर चाललो आहोत! हे 2009 साली छापून आले. चकवा म्हणजे आपलेच पाय आणि आपलेच कान-डोळे. पण त्यावरचा उतारा नानांना कोणत्याही शास्त्रज्ञाशिवाय ठाऊक होता: बसून राहा आणि सूर्य उगवू दे.

दुसरे भूत नर्सिंगच्या वसतिगृहातले. 1966 साली आम्ही चौघीजणी एका खोलीत होतो आणि त्या खोलीत पूर्वी एक मुलगी वारली, अशी वदंता होती. रात्रपाळी करून दिवसा झोपावे, तर ऐन दुपारी जाग येई. डोळे उघडे, खोली दिसते आहे, पण हातपाय हलत नाहीत, तोंडून शब्द फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसले आहे. वेणी पुढे घेतलेली मुलगी. चौघींपैकी तिघींना ती दिसली, आणि तिघींनाही वेणी पुढेच घेतलेली दिसली, कारण वेणीचे वर्णन आम्ही पहिल्याच दिवशी ऐकलेले! स्वप्न पडते त्या झोपेत अंगाचे स्नायू सैल सोडलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नात धावताना पलंगावरून खाली पडू. कधी मन आधी जागे होते आणि अंग मागे राहते. मग स्वप्नातले पाहुणे जाग्या खोलीत शिरतात. झोपेचे वेळापत्रक मोडले की हे अधिक होते, उताणे निजले की अधिक. आम्ही मात्र मेट्रनबाईंना न कळत खाटेखाली लोखंडी खिळा आणि लिंबू ठेवीत होतो. शरीरशास्त्राच्या परीक्षेत मला चांगले गुण होते, हेही सांगून टाकते.

आणि हे सगळे उलगडून सांगणारी मी, रात्रीच्या वॉर्डात कसे वागत होते? एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी पहाटे तीनच्या सुमारास मला हाक मारली. म्हणाल्या, "सिस्टर, माझी आई कधीची उभी आहे, तिला बसायला द्या." बाई सत्तरीच्या पुढच्या. मी एक शब्द न बोलता स्टूल ओढून खाटेपाशी ठेवले. बाईंनी समाधानाने मान हलवली. त्या सकाळी गेल्या. पुढे कितीतरी रुग्णांनी शेवटच्या दिवसांत मला "आई आली", "भाऊ आला" असे सांगितले आणि दर वेळी मी स्टूल ठेवले. त्यात कधी मला भीती वाटली नाही.

आता ती न सांगितलेली गोष्ट.

1957 साल. मी अकरा वर्षांची होते. आमच्या धाकट्या काकू तेव्हा एकोणीस वर्षांच्या, लग्नाला दीड वर्ष झालेले. गोऱ्यापान, हसऱ्या, आणि मला सागरगोटे खेळायला घेणाऱ्या घरातल्या एकट्याच. भाद्रपदात त्या बाळंत झाल्या. मूल जन्मतःच गेलेले होते. आम्हा मुलांना कोणी काही सांगितले नाही. बाळंतिणीच्या खोलीचे दार लोटलेले आणि तिकडे जायचे नाही, एवढेच.

चौथ्या की पाचव्या रात्री मी परसात जायला उठले. पावसाची उघडीप होती, चांदणे लख्ख पडले होते. आणि विहिरीपलीकडे जास्वंदीच्या जाळीपाशी एक बाई ओणवी उभी. केस मोकळे, अंगावरचे लुगडे पुढून भिजलेले, चांदण्यात सगळीच पांढरीफटक. मी "हडळ! हडळ!" म्हणून किंचाळत घरात पळाले. घर जागे झाले. पुरुषमाणसे कंदील घेऊन गेली आणि काकूंना दंडाला धरून घेऊन आली.

एवढ्यावर ते थांबले असते. त्या पोरीला मूल गेल्याचे दुःख आहे, असे आजी म्हणालीही. पण सोयरात, भिजल्या अंगाने, मध्यरात्री विहिरीपाशी; काकू तर विचारले त्याचे उत्तर देईनात, नुसत्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाहून भगत आणला. त्याने तांदूळ मांडले आणि विचारले, "पहिल्याने पाहिले कोणी?" मला पुढे केले. ओटीवर सगळे वडीलधारे बसलेले, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. त्या घरात त्याआधी माझे म्हणणे कोणी ऐकून घेतले नव्हते. भगताने विचारले, "पोरी, पाय कसे होते? सुलटे की उलटे?"

मैत्रिणींनो, मी पाय पाहिलेलेच नव्हते. गवत गुडघाभर होते. मी म्हणाले, "उलटे."

पुढचे थोडक्यात सांगते. दार लावून घेतले. मिरच्यांची धुरी दिली, तिचा खाट ओटीपर्यंत आला, आम्ही सारी खोकत होतो. शिमटीचे आवाज मी मोजले. अकरापर्यंत मोजले, मग कानांत बोटे घातली. ओली बाळंतीण ती. आठ दिवसांनी काकूंचे भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेले, आणि त्यांना परत आणायला आमच्या घरून कोणी गेले नाही.

मला त्या पुन्हा भेटल्या 1984 साली. एका लग्नात कोणाकडून तरी पत्ता कळला, मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले. सेहेचाळीस वर्षांच्या होत्या, भावाच्या घराला लागून एका खोलीत राहत होत्या, कोकमे, पापड, कुळथाचे पीठ करून विकीत होत्या. मला ओळखले. चहा दिला. मी सत्तावीस वर्षे घोकलेले वाक्य एकदाचे बोलले: "काकू, पाय उलटे नव्हते. मी पाय पाहिलेच नव्हते."

"ते मला ठाऊक आहे गो," त्या म्हणाल्या, "माझेच पाय ते." आणि चक्क हसल्या. मग कप विसळता विसळता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पण मी तिथे कशाला गेले होते, हे तुमच्या घरात एकानेही विचारले नाही. अंगावर दूध आले होते. मूल नाही आणि दूध थांबेना. छाती दगडासारखी झाली होती, अंगात ताप. न्हाणीत पिळून टाकायचे तर सगळ्यांच्या पायाखाली येणार. म्हणून दोन रात्री जास्वंदीच्या मुळाशी टाकून येत होते."

मी तोवर अठरा वर्षे प्रसूतीच्या वॉर्डात काढली होती. मूल गेलेल्या कितीतरी बायांना मी स्वतः घट्ट पट्टे बांधले होते, गार पाण्याच्या घड्या ठेवल्या होते. तरी त्या भिजलेल्या लुगड्याचा अर्थ मला लागला नव्हता. माझ्या आठवणीत ती तोवर हडळच होती, खोटी ठरलेली हडळ.

काकू 2004 साली वारल्या. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो 2013 साली. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झटले. त्या वर्षीच्या 20 ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली, मग त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा संमत केला. मी त्याचे परिशिष्ट मिळवून वाचले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्यात अगदी पहिल्याच कलमात आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मिरचीची धुरी, हा शब्द सरकारी कागदावर छापलेला पाहून मी किती वेळ तशीच बसून राहिले.

आता एक शेवटचे भूत, आणि मग दूध घेऊ. त्याचा वास सुटला आहे.

आमच्या घरातले 2019 साली गेले. ते फिरून येत ते सव्वासहाला. फाटकाची कडी दोनदा वाजवायची त्यांची सवय. ते गेल्यावर महिनाभराने एकदा सव्वासहाला कडी वाजली, दोनदा. मी गॅस बारीक करून दार उघडायला गेले. कोणी नव्हते. त्यानंतर हे पुष्कळदा झाले आहे. कधी नुसतेच वाटते की आतल्या खोलीत पेपर चाळला जातो आहे. मी हे मुलीला सांगितले नाही, सुनेला तर नाहीच. आईचे डोके चालेनासे झाले, असे वाटायचे त्यांना.

पण वेल्समध्ये ड्यूई रीस नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी आपल्या भागातल्या 293 विधवा आणि विधुर मंडळींना याविषयी विचारले आणि 1971 साली ते छापले. जवळजवळ निम्म्यांनी सांगितले की गेलेले माणूस आसपास असल्याचे वाटते. काहींना ते दिसते, काहींना त्याचा आवाज ऐकू येतो. ती वेडी नव्हती, आजारी नव्हती. बहुतेकांनी मात्र तोवर कोणाजवळ त्याची वाच्यता केलेली नव्हती, आणि पुष्कळांना त्याने बरेच वाटत होते. ते वाचले त्या दिवशी मी एकटीच मोठ्याने हसले. या गच्चीवर आज आम्ही विधवा बायका अकरा आहोत, मी मघाशी मोजल्या. निम्म्या म्हणजे पाच-साडेपाच! त्या पाचजणी कोण, ते मी विचारणार नाही. पण दुपारी तीन ते पाच मी घरी एकटीच असते, आणि कोणी आले तर चहा करते.

कडी वाजते तेव्हा मी हल्ली दार उघडायला जात नाही. "आले हं" एवढे मात्र आतूनच म्हणते.

पुढची पाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची. त्यांच्या आजोळच्या वाड्यात मुंजा होता आणि तो म्हणे गणिते सोडवून देत असे. मलाही ऐकायचे आहे, तेव्हा मी बसते.