भगवंतीच्या ताटात काय होतं?

पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही 'हम लोग' या मालिकेतली माणसं विचारून बघा. बडकी आठवते, मझली आठवते, कर्करोगानं गेलेली दादी आठवते. प्रत्येक भागाच्या शेवटी येऊन आपल्याशी गप्पा मारणारे अशोककुमार तर हमखास आठवतात. भगवंतीचं नाव मात्र कुणी पटकन घेत नाही. बडकी, मझली आणि छुटकीची ती आई, दादीची सून, बसेसर रामची बायको. मी तिचा चाहता आहे, चाळीस वर्षांपासून.

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली आणि दीडशेहून अधिक भागांनंतर १७ डिसेंबर १९८५ला संपली. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. मी तेव्हा सोलापुरात आठवीत होतो. आमच्या बोळात एकच टीव्ही होता, शेजारच्या काकूंकडं, काळा-पांढरा. माझी अम्मी दिवसभर घरी विड्या वळायची. मालिकेची वेळ झाली की तंबाखूचं सूप बाजूला सारून, हात धुऊन ती काकूंच्या उंबऱ्याशी बसायची. आम्ही पोरं पुढं, अगदी पडद्याला नाक लावून.

आम्हा पोरांना नन्हे आवडायचा, कारण त्याला क्रिकेटपटू व्हायचं होतं. मझलीला सिनेमाची नटी व्हायचं होतं, छुटकीला डॉक्टर. लल्लू नोकरी शोधत फिरायचा. बसेसर राम दारूत बुडालेला. त्या घरात ज्याला त्याला काही ना काही व्हायचं होतं. भगवंतीला काय व्हायचं होतं, हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. नवऱ्याचं ऐकायचं, सासूचं ऐकायचं आणि चूल विझू द्यायची नाही, एवढंच तिचं काम. जयश्री अरोरा या अभिनेत्रीनं ते केलं होतं. तिचा थकलेला चेहरा मला आजही दिसतो. गंमत म्हणजे, दिवसभर चुलीशी असलेल्या या बाईच्या मालिकेला प्रायोजक होत्या दोन मिनिटांत शिजणाऱ्या नूडल्स!

पुढं मी या मालिकेविषयी वाचत गेलो, तेव्हा एक वेगळीच गोष्ट कळली. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी करमणुकीतून लोकशिक्षण करणाऱ्या मालिका काढल्या होत्या. आपले वसंत साठे माहिती व नभोवाणी मंत्री असताना त्या मालिकांची माहिती घेऊन आले आणि त्यातून 'हम लोग'ची कल्पना पुढं आली. सुरुवातीला भर कुटुंबनियोजनावर होता. लोकांना तो उपदेश रुचला नाही, म्हणून पहिल्या तेरा भागांनंतर तो कमी केला गेला. पण एक आखणी कायम राहिली. काही पात्रं आपण अनुकरण करावं म्हणून, तर काही 'असं वागू नका' हे सांगण्यासाठी. भगवंती या दुसऱ्या गटातली. मुकाट्यानं सोसणाऱ्या बाईची काय दशा होते, हे तिच्याकडं बघून बायकांनी शिकावं, असा हेतू होता.

झालं उलटंच. संशोधकांनी नंतर प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा कितीतरी बायकांनी भगवंतीच आपला आदर्श असल्याचं सांगितलं. जाणकारांनी कपाळाला हात लावला. बायका काही शिकल्याच नाहीत, असा अर्थ निघाला.

मला तो अर्थ पटत नाही. उंबऱ्याशी बसलेली अम्मी मला आठवते. त्या घरातले सगळे आपापल्या स्वप्नामागं धावत होते आणि संध्याकाळी परत आले की त्यांच्यापुढं ताट येत होतं. ते ताट आलं कुठून, हे फक्त अम्मीसारख्या बायकांना दिसत होतं. त्यांना भगवंतीचा मार आणि बोलणी आवडत नव्हती. त्यांना तिचं काम ओळखू येत होतं. टीव्हीवर आपलं काम पहिल्यांदाच दिसत होतं.

आता माझी चूक सांगतो. बी. ए. झाल्यावर मी मराठीत कविता लिहू लागलो. आईवरची एक कविता फार गाजली. सगळ्यांना जेवू घालून शेवटी जेवणारी आई, तिचा सब्र, तिचं मोठेपण, असं सगळं त्यात होतं. ती लिहिताना डोळ्यांपुढं भगवंतीही होती आणि अम्मीही. कविसंमेलनात लोक ती पुन्हा म्हणायला लावत. एकदा अम्मीला मुद्दाम घेऊन गेलो. टाळ्या झाल्या, कुणीतरी अम्मीच्या पाया पडलं. घरी येताना रिक्षात मी विचारलं, कशी वाटली? ती आमच्या दखनीत म्हणाली, "बेटा, आखिर में खाना मेरेकू पसंद नै था. बचताच उत्ता था."

तेवढंच उरायचं! मी ज्याला सब्र म्हणून मिरवत होतो, ती साधी भूक होती. मालिका काढणाऱ्यांनी भगवंतीला इशारा म्हणून उभं केलं, मी तिला देव्हाऱ्यात बसवलं. तिला भूक लागली आहे का, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. पुन्हा ती कविता मी मंचावर म्हटली नाही.

बहिणीनं घरात एक नियम केला: सगळ्यांची ताटं एकदम वाढायची, आणि अम्मीचं आधी. पहिले काही दिवस अम्मी अवघडून बसायची, घास घेण्याआधी पातेल्यात डोकवायची. मग सवय झाली. एकदा तर तिनं पहिली गरम भाकरी स्वतःच्या ताटात घेतली आणि आमच्याकडं बघून हसली.

भगवंतीचा मी आजही चाहता आहे, पण तिच्या सोसण्याचा नाही. 'हम लोग'चा विषय निघाला की तिचं नाव मी आधी घेतो. तुमच्या ओळखीतही एखादी भगवंती असेलच. तिचं कौतुक जरूर करा, पण त्याआधी तिच्या ताटात काय आहे तेवढं बघा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)