ट्रंपेट कुणी वाजवला?

मागून वरातीचा बँड ऐकू येतोय, त्याबद्दल माफ करा. जयपुरात, आमच्या सोडाल्यात, लग्नसराईत रेकॉर्डिंग करायचं म्हणजे हे चालायचंच. खिडकी लावली तरी ट्रंपेट आत येतो. आणि आज बोलायचंय तेही ट्रंपेटवाल्याबद्दलच.

काही वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळींसमोर मी सी. रामचंद्रांवर बोललो होतो. अण्णा आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, भगवानदादाही आपले. त्यामुळे 'अलबेला'वर चांगला अर्धा तास रंगलो. नंतर एक वयस्कर गोवेकर गृहस्थ जवळ आले. "सगळं छान सांगितलंत, पण ट्रंपेट कुणी वाजवला?" मला उत्तर आलं नाही. इतकी वर्षं ती गाणी गुणगुणणारा मी, आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता! घरी आलो ते वरमूनच.

तर नाव सांगतो: चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो शावियर वाझ, जन्म 1916, गाव बार्देशातलं हळदोणे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवत. पोटासाठी मुंबई, कोलकाता गाठायची म्हटलं की हीच विद्या शिदोरी. चिकच्या आईला म्हणे मुलगा मेकॅनिक व्हायला हवा होता. मुलाला ध्यास लुई आर्मस्ट्राँगचा. पुढे लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणू लागले.

1935 साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडवाला आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. तिथून आपल्याकडच्या हॉटेलांत स्विंगची हवा झाली. चिकनं चाळिशीच्या दशकात स्वतःचा बँड उभा केला, 'म्युझिक मेकर्स'. ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात तो वाजायचा. ते हॉटेल आता नाही, तिथे ताजचा टॉवर उभा आहे.

बिग बँड म्हणजे नुसती गर्दी नव्हे, बरं का. ट्रंपेट एका बाजूला, सॅक्सोफोन दुसऱ्या, खाली ड्रम आणि बास. एक गट सवाल टाकतो, दुसरा जवाब देतो. कोण कुठे थांबणार, कुठे घुसणार, हे कागदावर लिहिलेलं असतं. आपले संगीतकार पेटीवर चाल बांधत. पण दहा-वीस वादकांपुढे ती ठेवायची तर प्रत्येकाचा कागद वेगळा लिहावा लागतो. ते काम गोवेकरांना येत होतं. रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ असा त्यांचा दिनक्रम.

चिक अण्णांचा सहायक होता, पुढे मदनमोहनसाठीही त्यानं काम केलं. 1951 च्या 'अलबेला'त तर त्याचा बँड पडद्यावरही दिसतो, झालरीझालरीच्या कपड्यांत. आपण भगवानदादांचे पाय बघत बसतो, मागे कोण उभं आहे ते बघत नाही. त्याच वर्षी 'नादान' या चित्रपटाला त्यानं स्वतंत्र संगीत दिलं. पण संगीतकार म्हणून त्याची गाडी फार पुढे गेली नाही. 1967 मध्ये तो गेला, जेमतेम एक्कावन्नाव्या वर्षी.

आता काही जण लगेच म्हणतात, मग 'अलबेला' चिकचाच! मला ते पटत नाही. चाल अण्णांची, 'चितळकर' या नावानं गाणारा गळाही त्यांचाच. पण गाण्याच्या मधल्या जागेत जे पितळ चमकतं, ज्यानं पाय आपोआप हलतात, ते अण्णा एकट्यानं करू शकले नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्रिकेवर मात्र एकच नाव छापलं जायचं.

नरेश फर्नांडिस यांचं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे 2012 चं इंग्रजी पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. माझं पुष्कळसं शिक्षण तिथेच झालं. त्या गोवेकर काकांना मी नंतर फोन करून उत्तर सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "आता सॅक्सोफोन कुणाचा, ते शोधा."

शोधतोय. थांबा, वरात अगदी खिडकीखाली आली. जरा ऐकूया.