जोडीनं खाली, जोडीनं वर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



कालपासून इथे शेतीवर, शेअर बाजारावर, मुलांच्या लग्नांवर छान छान बोलणं झालं. संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू पाण्याखाली जातोस ना, त्याच्यावर बोल. पंधरा मिनिटं. फोटो दाखवू नकोस, प्रोजेक्टर बिघडलाय.’ तेव्हा आज फक्त बोलणं.

या छंदात मी एकटा नाही. अकरा वर्षं माझ्याबरोबर पाण्याखाली जाणारा माझा जोडीदार आपल्याच वर्गातला आहे आणि आत्ता तिसऱ्या रांगेत बसला आहे. ‘माझं नाव घेतलंस तर उठून जाईन,’ असं त्यानं सकाळी चहाच्या वेळी बजावलंय, म्हणून मी त्याला जोडीदारच म्हणणार. तुम्हाला कळेलच. माना वळवू नका.

आम्ही दोघंही विहिरीत पोहायला शिकलेले. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी वरून ढकललं, हेच आमचं प्रशिक्षण. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तारकर्लीला पुन्हा एकदा पाठीवर डबा चढला, तेव्हा जोडीदार म्हणाला, ‘तेव्हाचा डबा तरंगायला होता, आताचा बुडायला आहे.’ पर्यटक म्हणून गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली होतो. वर आलो आणि होडीतच ठरवलं की हे रीतसर शिकायचं. त्या वर्षी दिवाळीनंतर दोघांनी कोर्स केला.

कोर्समध्ये पहिल्या दिवशी शिकवलं ते आपल्याला शाळेतच शिकवलेलं होतं. बॉईलचा नियम. सर, तुम्ही फळ्यावर लिहिलेला तो नियम माझ्या फुफ्फुसांना वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळला. समुद्रात दर दहा मीटरला वातावरणाएवढा एक दाब वाढतो. तीस मीटरवर चौपट दाब होतो, म्हणून एका श्वासाला चौपट हवा लागते. हिशेब सोपा आहे. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबानं साधारण २४०० लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटाला वीस लिटर घेतो असं धरलं, तर जमिनीवर ती दोन तास पुरेल. तीस मीटरवर तीच हवा अर्ध्या तासात शून्य. आणि शून्यापर्यंत कुणी थांबत नाही. वर येण्याची हवा वेगळी राखायची, अडचणीसाठी आणखी थोडी. वर येतानाही घाई चालत नाही, मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास. मग पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघून जातो. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर भरलेली फुफ्फुसं श्वास कोंडून वर आणली, तर आतली हवा दुप्पट जागा मागते.

दुसऱ्या दिवशी शिकवलं ते मात्र शाळेत नव्हतं. जोडीचा नियम. आपण एकटे जात नाही. पाण्यात उतरण्याआधी मी त्याचे पट्टे, सिलिंडरची तोटी, वजनाचा पट्टा तपासायचा, त्यानं माझे. प्रत्येकाच्या रेग्युलेटरला एक जादा तोंडात धरायचा भाग असतो, बहुधा पिवळ्या रंगाचा, लगेच दिसावा म्हणून. तो आपल्यासाठी नसतो, जोडीदारासाठी असतो. त्याची हवा संपली तर त्यानं यायचं आणि तो घ्यायचा. म्हणून दोघांमध्ये अंतर किती, तर दोन-तीनदा पाय मारून पोहोचता येईल एवढंच.

खाली बोलता येत नाही. आवाज पाण्यात हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, त्यामुळे तो कुठून आला हेच कानांना कळत नाही. रंगही एकेक करून सोडून जातात, आधी लाल. बोट कापलं तर खोलवर रक्त काळपट हिरवं दिसतं. उरतात फक्त हात. तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ म्हणजे ‘ठीक आहे’. आणि अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे नकार. समुद्रात त्याचा अर्थ त्याच्या जवळपासच आहे.

या अंगठ्याला एक नियम जोडलेला आहे. तो कुणीही, कधीही, कशासाठीही दाखवू शकतो. कारण द्यावं लागत नाही. समोरच्यानं कारण विचारायचं नाही. त्यानंही अंगठा दाखवायचा आणि दोघांनी वर निघायचं. जे काही बोलायचं ते होडीवर.

आता जहाजांबद्दल. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला ‘बोट बुडाली’ म्हटलं की रामदास आठवायची. १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसात, मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. माझी आजी अलिबागकडची. समुद्र दिसला की ती आधी हात जोडायची. मी बुडालेली जहाजं बघायला जातो हे तिला कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं. पण तिचे ते जोडलेले हात मी बरोबर नेतो. बुडालेलं जहाज हे अनेकदा कुणाचं तरी थडगं असतं. तिथे हात लावायचा नाही, काही उचलायचं नाही.

जहाजं कुठे आहेत हे कोळ्यांना नकाशापेक्षा आधी कळतं. जाळं जिथे अडकून फाटतं ती जागा त्यांच्या लक्षात राहते. मालवणच्या आमच्या तांडेलाला किनाऱ्यावरचं एक झाड आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की नेमकं कुठे आहोत ते कळतं. जिथे खडक किंवा लोखंड असतं तिथे मासे असतात. सांगाड्याच्या फासळ्यांवर कालवं धरतात, शेवाळ येतं, लहान मासे आडोशाला येतात, त्यांच्यामागे तांबोशी आणि गोबरा. वाळूत डोळे तेवढे बाहेर ठेवून पाकट पडलेला असतो. फाटलेली जाळी मात्र तिथेच अडकून राहतात आणि माशांसारखीच माणसंही धरतात, म्हणून पायाला लहान सुरी बांधलेली असते.

गोव्याच्या समुद्रात तर इतिहासाची कपाटंच आहेत. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या संशोधकांनी सुंची रीफवर एका पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष शोधले. त्यात तोफा होत्या, चिनी मातीची भांडी होती, हत्तीचे दात आणि पाणघोड्याचेही दात होते. म्हणजे आफ्रिकेचा माल आणि चीनचा माल गोव्याच्या दारात एकाच खडकावर येऊन पडला. सेंट जॉर्ज रीफवरचा शोध मला त्याहून जवळचा वाटतो. तिथे भाजलेल्या मातीच्या विटा, खांबांचे नक्षीदार माथे, कौलं असा माल मिळाला आणि त्यावर बासेल मिशन टाइल वर्क्सचा शिक्का, १८६५. ही मंगळूरची मंगलोरी कौलं. तुमच्या-माझ्या जुन्या घरांवर होती, आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीवरही होती. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं वर्ष आहे, जहाज बुडाल्याचं नव्हे. ते त्यानंतर केव्हातरी बुडालं. कुणाच्या तरी घराचं छप्पर वाटेतच राहिलं.

आमचा नेहमीचा अड्डा ग्रँड आयलंड. तिथे डायव्हर ज्याला सूझीज रेक म्हणतात तो एका जुन्या जहाजाचा सांगाडा आहे, बारा-पंधरा मीटरवर. गोव्यात पाणी गढूळ. कधी आठ मीटर दिसतं, कधी तीनच. ऑक्टोबर ते मे एवढाच मोसम. पावसाळ्यात आम्ही दोघं नकाशे बघत चहा पितो.

परदेशात एकदाच गेलो, तीन वर्षं पैसे साठवून. इजिप्तजवळ तांबड्या समुद्रात थिसलगॉर्म नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाज आहे. १९४० साली बांधलेलं. भूमध्य समुद्राची वाट युद्धामुळे धोक्याची, म्हणून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ते उत्तर आफ्रिकेतल्या ब्रिटिश फौजेसाठी सामान नेत होतं. त्या फौजेत भारतीय पलटणीही होत्या, मराठाही होते. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. दारूगोळ्याच्या कोठारावर पडले. नऊ माणसं मेली. आज ते तीस मीटरवर जवळजवळ उभं आहे. कोठारात मालमोटारी आहेत, मोटारींवर ओळीनं मोटरसायकली लावलेल्या आहेत, रबरी बुटांचे ढीग पडलेत. ते बूट कुणाच्याच पायात कधी गेले नाहीत. मी विजेरी फिरवत होतो आणि आजी आठवत होती.

जहाजावर दोन रेल्वे इंजिनंही होती. स्फोटानं ती बाहेर फेकली गेली. त्यातलं एक तळावर बघायचं असं आम्ही ठरवलं होतं. निघालो, पण माझी हवा परत फिरायच्या ठरलेल्या आकड्यावर आली. माझा देह मोठा, हवा मला जास्त लागते. त्याच्याकडे अजून पुष्कळ शिल्लक होती. मी अंगठा दाखवला, त्यानं अंगठा दाखवला, आम्ही फिरलो. इंजिन राहिलं. होडीवर त्यानं डबा उघडून चकली काढली आणि इंजिनाचा विषयही काढला नाही. आजतागायत काढलेला नाही.

आता मी जे सांगणार आहे त्याची परवानगी त्यानं दिली आहे. गेल्या जानेवारीत ग्रँड आयलंडलाच होतो. दरवर्षीच्या डॉक्टरी तपासणीत दोघंही पास. पाणी शांत, दिसत होतं छान. दहा मिनिटं झाली असतील, बारा मीटरवर होतो. मी एका फासळीखाली गोबरा बघत होतो. वळलो, तर त्यानं अंगठा वर केलेला. डोळ्यांत काही दिसत नव्हतं, हवा भरपूर होती. मी अंगठा दाखवला, त्याचा पट्टा धरला आणि सावकाश वर आलो. होडीवर तो म्हणाला, ‘छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय.’ होडीवर ऑक्सिजन होता, तो लावला. किनाऱ्यावरून सरळ रुग्णालयात. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली.

चार दिवसांनी खाटेवर बसून पेज पिताना तो जे म्हणाला ते सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला. तो म्हणाला, ‘खाली मला नीटसं काहीच होत नव्हतं. फक्त बरं वाटत नव्हतं. तू खुणेनं जरी विचारलं असतंस ना, काय झालं म्हणून, तर मी काही नाही म्हणालो असतो. कारण सांगता आलं नसतं. आणि कारण सांगता येत नाही म्हणून मी आणखी पंधरा मिनिटं पोहलो असतो.’

डॉक्टरांनी त्याचं पाण्याखाली जाणं बंद केलंय. नोव्हेंबरपासून मी एका तरुण मालवणी मुलीबरोबर जातो. ती माझ्याहून फार चांगली डायव्हर आहे. तरी खाली पोहोचलो की मान आधी डावीकडे वळते, कारण अकरा वर्षं तो डावीकडे असायचा. आता तो होडीत असतो. आम्हा दोघांचे पट्टे तोच तपासतो, वेळ तोच लिहितो, आणि वर यायला दोन मिनिटं उशीर झाला तर कोकणीत शिव्या देतो. बाई, माफ करा, पण छान देतो.

मित्रहो, आपण आता त्या वयाचे आहोत. गेल्या पाच वर्षांत आपल्या वर्गातले चार जण गेले. त्यातल्या एकाचं दुखणं आपल्याला तो गेल्यावर कळलं. ग्रुपवर रोज सकाळी फुलं येत होती, त्याचीही येत होती. त्याला बरं वाटत नव्हतं हे सांगायला त्याच्याकडे कदाचित कारण नव्हतं, किंवा कारण सांगावं लागेल याची लाज होती. आपल्या पिढीला ‘बरं वाटत नाही’ म्हणायला ताप मोजून दाखवावा लागतो.

म्हणून माझी एक सूचना आहे, संयोजकांनी मान्य केली आहे. जेवणानंतर दाराशी एक कागद लावला आहे. त्यावर आपापल्या जोड्या लिहायच्या. जुना बाक-सोबती असेल तर उत्तम, नसेल तर जो जवळ राहतो तो. एकटं नाव चालणार नाही. काम एवढंच, आठवड्यातून एक फोन. फुलं नकोत, आवाज हवा. आणि समोरचा म्हणाला, ‘आज ये’ किंवा ‘आज नको’, तर का ते विचारायचं नाही. आधी निघायचं. कारण नंतर, चहा पिताना.

माझी जोडी लागलेली आहे, ती मी पहिल्या ओळीत लिहून टाकली आहे. तुमच्यासाठी खाली पुष्कळ जागा आहे.