गोष्ट कोण सांगतें?

कथानक, पात्रें, स्थळकाळ, संवाद आणि हेतु हीं कथेचीं अंगें मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून दिलीं. मुलांनीं तीं पाठ केलीं व गुण मिळविले. एके दिवशीं मागल्या बांकावरच्या एका मुलानें विचारलें, “मास्तर, हीं सारीं अंगें असूनहि एखादी गोष्ट निर्जीव कां वाटते?” मला उत्तर सुचलें नाहीं. पुढें तें मला दोन यमुनांनीं दिलें.

पहिली यमुना बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या १८५७ सालच्या कादंबरींतली. ती पतीबरोबर प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांचीं दुःखें पाहते, ऐकते. विषय जळजळीत आहे. लेखकाची कळकळहि खरी आहे. परंतु एकीची हकीकत मनांत ठरते न ठरते तोंच दुसरीची सुरू होते, आणि मधून मधून उपदेशहि होतो. वाचकाला कींव येते व तो पान उलटतो.

दुसरी यमुना हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ मधली. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊं लागली. दुःख तेंच, पण येथें लेखक बाजूला सरला आहे आणि यमू स्वतःच बोलते आहे. लिहिणारा सव्वीस वर्षांचा पुरुष आहे, ह्याचा आपणांस विसर पडतो.

बोलणारी एकदां ठरली, कीं बाकीचीं अंगें तिच्यामागून येतात. तिनें जें पाहिलें व सोसलें, तेंच कथानक. तिचें माहेर व सासर, हेंच स्थळ. तिच्या माजघरांतली बोली, हीच भाषा. हेतु निराळा सांगावा लागत नाहीं. शेवटीं तिच्यावर केशवपनाची सक्ती होते, तेव्हां आपणांसमोर ‘एक विधवा’ नसते. जिचें बाळपण तिच्याच तोंडून ऐकलें, ती आपली यमू असते. येथें पान उलटत नाहीं.

म्हणून घरांतलें मूल गोष्ट सांगूं लागलें, तर “पुढें काय झालें?” ह्याबरोबर “हें पाहिलें कोणीं?” असेंहि त्याला विचारा. गोष्टीचा प्राण त्या उत्तरांत असतो.

त्या मुलाला मात्र हें सांगावयाचें राहिलें. मला उत्तर सांपडलें, तेव्हां तो शाळा सोडून केव्हांच गेला होता.