नकाशात आधी बस होती



आज मी एका वास्तुविशारदाबद्दल, म्हणजे आर्किटेक्टबद्दल बोलणार आहे, आणि त्याच्याबरोबर बस आणि रेल्वेबद्दलही. काही जणी म्हणतील, बायकांच्या कार्यक्रमात हे काय मध्येच? घराचा नकाशा काढणाऱ्या माणसाचा बसशी काय संबंध? तोच तर सांगायचा आहे. कारण तो संबंध आपल्या जासईच्या शेतांवरून, खाजणांवरून गेलेला आहे.

चार्ल्स कोरिया हे त्यांचं नाव. घराणं मूळ गोव्याचं, जन्म १९३० साली सिकंदराबादचा, काम मुंबईतलं. साबरमतीच्या आश्रमातलं गांधीजींचं संग्रहालय त्यांनी बांधलं, पणजीची कला अकादमी त्यांनी बांधली. भोपाळचं विधानभवनही त्यांचंच. मोठा माणूस. पण इमारती बांधून नाव कमावणारे बरेच असतात. शहरातली साधी माणसं कामाला जाणार कशी, हा प्रश्न आयुष्यभर सरकारपुढे मांडत राहणारे थोडे. कोरिया त्यातले एक.

१९६४-६५ ची गोष्ट. मुंबई तेव्हाही तुडुंब भरली होती. मुंबईचा आकार डोळ्यांसमोर आणा. लांबट, निमुळती, तिन्ही बाजूंनी पाणी. आठ खणांचं लांबच लांब घर आहे, चूल एकदम टोकाच्या खणात आहे, आणि घरातल्या प्रत्येकाला जेवायला तिथंच जायचं आहे, असं समजा. कचेऱ्या सगळ्या दक्षिणेच्या टोकाला. सकाळी सगळं शहर दक्षिणेला धावतं, संध्याकाळी उत्तरेला. मधल्या खणातल्यांचा जीव जातो. सरकारचा विचार होता शहर आणखी उत्तरेकडे वाढवण्याचा, म्हणजे घर आणखी लांब करण्याचा.

तेव्हा तीन जणांनी सांगितलं, असं करू नका. पाण्याच्या पलीकडे, पूर्वेला बघा. तिथं नवं शहर वसवा, आणि नुसती राहायची घरं नको, कामधंदेसुद्धा तिकडे न्या. सरकारच्या कचेऱ्या न्या, म्हणजे बाकीचे मागून येतील. हे तिघं म्हणजे चार्ल्स कोरिया, स्थापत्य अभियंते शिरीष पटेल आणि वास्तुविशारद प्रवीणा मेहता. हे तिसरं नाव मुद्दाम घेते. नवी मुंबई कुणाच्या डोक्यातून निघाली असं विचारलं की लोक एक नाव सांगतात, फार तर दोन. तिघांतली बाई हटकून गळते. ही योजना १९६५ साली ‘मार्ग’ नावाच्या कलेच्या नियतकालिकात छापून आली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. आपल्या शहराचं काय होणार, या काळजीपोटी तिघं नागरिक सरकारच्या मागे लागले होते.

पाच वर्षांनी सरकारनं ते मानलं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद झाले.

आता नकाशाकडे या. कोरियांचं म्हणणं असं, की गरीब माणसाच्या दृष्टीनं शहरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घराच्या भिंती नाहीत. ते घर कुठे आहे आणि तिथून कामावर जायला काय आहे, ती महत्त्वाची. फुकट घर दिलं आणि तिथून कामाला जायला बस नसली, तर माणूस ते घर सोडून फुटपाथवर येऊन राहतो. म्हणून वाहतुकीचा मार्ग आधी आखायचा. त्यावर ठरावीक अंतरानं थांबे. थांब्यापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात घरं, शाळा, बाजार, दवाखाना. वस्ती लहान असेल तोवर बस, आणि वाढली की त्याच वाटेवर रेल्वे. अशा वस्त्या एकापुढे एक ओवायच्या. सिडकोच्या भाषेत त्यांना नोड म्हणतात. मी त्यांना मणी म्हणते. वाहतूक हा दोरा, आणि दोरा आधी लागतो.

ही गोष्ट आपल्याला लगेच कळते, कारण आपल्यापैकी बहुतेकींच्या हातात गाडीची किल्ली नसते. घरात मोटरसायकल असली तरी ती सकाळीच कंपनीत नाहीतर गोदीत गेलेली असते. पुरुष एकदा निघतो आणि एकदा परत येतो. बाई तशी जात नाही. ती पोराला शाळेत सोडते, तिथून बँकेत गटाचा हप्ता भरते, सासूचं औषध घेते, बाजार करते आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन परततं. चार छोटे प्रवास, ओझ्यासकट. कोळीण असली तर डोक्यावर पाटी. लोकलला निदान मालाचा डबा असतो. बाकीच्या वाहनांत पाटी बघूनच कपाळाला आठ्या पडतात. रस्ते रुंद करून या बाईचं काम भागत नाही. तिला थांबा जवळ हवा आणि वाहन वेळेवर हवं.

मग झालं काय? नकाशा तर असा छान होता.

आधी, मंत्रालय काही पाण्याच्या पलीकडे आलं नाही. उलट त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून आणखी कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्याच टोकाच्या खणात. पुढे कोरिया सिडकोतून बाहेर पडले. वाशीचा खाडीपूल १९७३ ला झाला होता, पण वाशीला रेल्वे यायला १९९२ उजाडलं. पनवेलला १९९८. आणि आपल्या बाजूला? खारकोपरपर्यंत २०१८, उरणपर्यंत १२ जानेवारी २०२४. सिडको स्थापन झाली त्या वर्षी जन्मलेली मुलगी या गाडीत बसली ती चौपन्नाव्या वर्षी, बहुधा नातवाला मांडीवर घेऊन.

मणी आधी आले, दोरा नंतर. मधल्या काळात आपण काय केलं? एसटीची वाट पाहिली, मिनीडोरमध्ये कोंबून गेलो, मोरा बंदरावर भरती-ओहोटीचा हिशेब करत भाऊच्या धक्क्याची लाँच पकडली. १९८९ ला न्हावा शेवा बंदर सुरू झालं, आणि रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागली. त्या रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या मुलीची आई संध्याकाळपर्यंत दाराकडे का बघत असते, हे दास्तान फाट्यावरच्या कुठल्याही बाईला विचारा.

इथं मला कोरियांच्या योजनेबद्दलही बोललं पाहिजे. नुसती आरती ओवाळून चालणार नाही. या शहराचा खर्च भागणार होता कशातून? सरकारनं शेतजमीन शेतीच्या भावानं घ्यायची, रस्ते-पाणी करून चढ्या भावानं विकायची, आणि त्या फायद्यातून शहर उभारायचं. कागदावर हिशेब सुंदर आहे. जमिनीचा फायदा दलालांच्या खिशात जाण्यापेक्षा सगळ्यांच्या कामी यावा, हा हेतूही चांगला. पण तो फायदा ज्यांच्या जमिनीतून निघणार होता ती ९५ गावं होती. नकाशा काढणाऱ्याला कोरा कागद दिसतो. त्या कागदावर आमची भातशेती होती, मिठागरं होती, गावदेवी होती.

ते बोलून दाखवणारा माणूस आपल्याच गावचा, दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या दास्तान फाट्यावर आणि पागोट्याच्या बाजूला काय झालं, ते आपल्याला नव्यानं सांगायला नको. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या आंदोलनात बायका मागे नव्हत्या. लाठ्या त्यांनीही खाल्ल्या. त्या लढ्यातूनच पुढे १९९० ला घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

मला असं वाटतं, की कोरियांची मागणी आणि दि. बां.ची मागणी एकमेकींच्या विरोधात नव्हती. एक म्हणत होता, शहर गाडी नसलेल्या माणसासाठी आखा. दुसरा म्हणत होता, जमीन देणाऱ्याला त्याचा वाटा द्या. दोन्ही एकत्र ठेवल्या तर साधा हिशेब निघतो: ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्यांच्या दारात बस सगळ्यात आधी यायला हवी होती. साडेबारा टक्क्यांबद्दल आपण पन्नास सभा घेतल्या. बसबद्दल किती घेतल्या? जमिनीचा कागद पुरुषाच्या नावावर असतो, म्हणून तो विषय मोठा. बसची वाट बाई बघते, म्हणून तो विषय किरकोळ. हे माझं मत आहे, कुणाला राग आला तर येऊ द्या.

कोरिया सिडको सोडून गेले, तरी गप्प बसले नाहीत. बेलापूरला त्यांनी लहान लहान घरांची वसाहत केली, सात-सात घरं एका अंगणाभोवती, आपल्या आळीसारखी. प्रत्येक घर सुटं, म्हणजे ऐपत आली की शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता यावी. पुढे उलव्याच्या आराखड्यावरही त्यांनी काम केलं. आणि १९९६ मध्ये मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं, हे सुचवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या गिरण्यांत कोकणातली, घाटावरची किती घरं राबली हे तुम्ही जाणता. ती जमीन ढोबळमानानं तीन हिश्श्यांत वाटावी, एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सामान्यांच्या घरांना, एक मालकाला, असा तो विचार. आणि परळ भागातल्या स्टेशनांभोवती माणसांना मोकळं चालायला जागा ठेवावी, हाही. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या तुकड्याची होऊ लागली, आणि बाकी जमिनीवर टॉवर आले. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून जास्त माणसं गेली. स्टेशनातून बाहेर पडायला जागा ठेवणं ही काही शोभेची गोष्ट नसते. त्याआधी दोन वर्षं, १६ जून २०१५ ला, कोरिया वारले होते.

आता आपल्याकडे परत येऊ. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दोन उद्घाटनं झाली. एक उरणच्या लोकलचं, दुसरं शिवडी ते चिर्ले अटल सेतूचं. सेतू सुमारे २२ किलोमीटरचा. आपल्या शेजारीच उतरतो. पण त्यावर मोटरसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही, आणि मोटारीला टोल आहे. सेतूवरून एसटीच्या काही गाड्या आणि नवी मुंबईच्या काही बस जातात, पण त्यात आपल्या गावच्या बाईला कुठे चढता येतं, हा प्रश्न आपणच विचारायचा आहे. पुलाला माझा विरोध नाही. आजारी माणूस मुंबईच्या दवाखान्यात लवकर पोचला तर चांगलंच आहे. पण मोटारवाल्याच्या वीस मिनिटांसाठी एवढं झालं, मग गावापासून स्टेशनपर्यंतच्या वाटेसाठी काय झालं?

कारण रेल्वे आली म्हणजे काम संपलं असं नाही. गव्हाण, शेमटीखार ही स्टेशनं आपल्या आसपासचीच, पण चुलीपासून फलाटापर्यंत जायचं कसं? वाटेत दिवा आहे का? चालायला कडेनं जागा आहे, की ट्रेलरच्या चाकाशेजारून जायचं? रात्रीच्या गाडीनं परतणाऱ्या मुलीला बाहेर वाहन मिळतं का? १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. योगायोग बघा, सिडकोचा वाढदिवसही तोच. पण अर्धं तिकीट एसटीत चालतं, मिनीडोरमध्ये नाही. एसटी थांबलीच नाही, तर सवलत कागदावरच.

म्हणून गटांना माझी एक विनंती आहे. बचतीची वही आपण ठेवतोच. तशी एक प्रवासाची वही ठेवा, फक्त एक आठवडा. प्रत्येकीनं लिहायचं: कुठे गेले, किती वाजता निघाले, वाहनाची किती वाट पाहिली, किती चालले, हातात काय ओझं होतं, किती पैसे गेले. लिहिता येत नसेल तिनं सांगावं, नातीनं लिहावं. दहा गटांच्या दहा वह्या झाल्या की कुठल्या वेळी कुठली बस हवी, ते आपोआप दिसेल. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे कायद्यातच आहे. तिथं हा विषय लावा, ठराव करा, मग ग्रामसभेत तो मंजूर करून घ्या. बससाठी उरणच्या एसटी आगाराला आणि नवी मुंबई परिवहनला, दिव्यांसाठी आणि पायवाटेसाठी सिडकोला, स्टेशनातल्या सोयींसाठी रेल्वेला, असे वेगवेगळे अर्ज करा. सगळं एका अर्जात घातलं की प्रत्येक कचेरी दुसरीकडे बोट दाखवते.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घ्या. वह्यांच्या झेरॉक्स जोडा. मूळ वही कुणाला देऊ नका, ती गटाच्या पेटीत ठेवा.