कालवा आला, चारी कुठे?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



जायकवाडीचा कालवा शिवारातून गेला, पण चारीच काढली नाही, तर रान भिजत नाही. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इंटरनेटचे तेच झाले आहे.

२०११ साली केंद्राने प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना मंजूर केली. वेग ठरला १०० एमबीपीएस. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. पैसा कोणाचा? मोबाइल कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के आकार त्या निधीत जातो. म्हणजे आपल्याच रिचार्जचा. हे उपकार नव्हेत.

आणि घरात काय? सोयगाव-कन्नडच्या डोंगराकडेला पोरे अभ्यासासाठी रेंज शोधत गच्चीवर चढतात, हे आम्ही पाहिले आहे. डोंगर लहरी अडवतो. संध्याकाळी एका टॉवरवर सारे गाव तुटून पडते. इकडे सातबारा आणि पीक पाहणी मात्र मोबाइलवर!

२०२३ च्या सुधारित भारतनेटमध्ये मागणीनुसार घरजोडणी आहे. मागणी नोंदवली नाही, तर मिळणार कशी?

म्हणून, ग्रामसभेत विचारा, पंचायतीतले यंत्र चालू आहे का? बंद असेल तर ठराव करून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. एकट्याने अर्ज करू नका. आळीतली दहा-पंधरा घरे मिळून बीएसएनएलकडे आणि केबलवाल्याकडे जा. तोवर छपरावर अँटेना लावून सिमचा राउटर चालवा. पण आधी संध्याकाळी वेग मोजा, मगच पैसे मोजा.

कालव्याचे पैसे आपण भरले. आता चारी मागू, आणि घेऊ.