न केलेल्या प्रयोगाचं निरीक्षण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल.' मी म्हटलं, त्यावर तुमची मुलं तुम्हाला घरीच ऐकवत असतील. मी आज आगीवर बोलणार आहे. आमच्या छोट्याशा फर्मनं काढलेल्या एका परवान्याविषयी. त्याची सुरुवात मात्र आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत झाली आहे.

नववीत बर्फाला उष्णता देऊन दर मिनिटाला तापमान नोंदवायचा प्रयोग होता. मी बहिणीच्या जुन्या जर्नलमधून सगळा तक्ता सुबक अक्षरात उतरवून काढला. सरांनी तो पाहिला आणि शांतपणे विचारलं, 'बाळ, त्या दिवशी प्रयोगशाळेत बर्फ आलाच नव्हता. तू कुठून आणलास?' सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, 'चुकीचं निरीक्षण चालतं. न केलेल्या प्रयोगाचं निरीक्षण चालत नाही.' सर आज समोर बसले आहेत. त्यांना हे आठवत नसेल, मला मात्र आठवतं.

आता २०२१च्या जानेवारीत येऊ. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. त्याच आठवड्यात आमच्या पुण्यातल्या सोसायटीचा 'फॉर्म बी' वॉचमनच्या हाती आला. मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ असा आपल्याकडे कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा ती जागा वापरणाऱ्याची. यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सी 'फॉर्म ए' देते. पुढे दर जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा नीट चालते आहे असं लिहून 'फॉर्म बी' देते. तो अग्निशमन दलाकडे जमा करायचा.

आमच्या फॉर्मवर सही होती, शिक्का होता, सगळं 'सुस्थितीत' होतं. मी वॉचमनकाकांना विचारलं, 'तपासायला कधी आले होते?' ते म्हणाले, 'कोणीच नाही आलं, मॅडम. कुरियरनं आलंय.'

बर्फ आलाच नव्हता!

मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून चुलतभावाला बोलावलं. तोही आपल्याच शाळेचा, २००१ची बॅच, पुढे आयटीआयचा फिटर. बारा-तेरा वर्षं तो मोठ्या ठेकेदारांच्या हाताखाली इमारतींमध्ये फायरच्या लाइन टाकत होता. पंप रूम उघडली. पॅनलवरचा स्विच 'ऑफ'वर. डिझेल पंपाच्या बॅटरीच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. पार्किंगमधल्या स्प्रिंकलरच्या लाइनचं गेज शून्यावर. म्हणजे आमच्या डोक्यावर सुंदर लाल रंगाचे रिकामे पाइप होते.

मी त्याला म्हटलं, 'मग तूच देत जा ना फॉर्म.' तो म्हणाला, 'ताई, पाइप मी ओढतो, सही दुसऱ्याची असते. मला परवाना कुठंय?'

तिथून आमचं ठरलं. माझी पदवी कॉम्प्युटरची, पाइपाला तिचा काय उपयोग? म्हणून भावाच्या ओळखीचे, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक काका सोबत घेतले. सांताक्रूझला महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संचालकांचं कार्यालय आहे, तिथून हा परवाना मिळतो. माणसं कोण, त्यांचं शिक्षण काय, अनुभव किती, साधनं कोणती, आधी कुठं काम केलं, सगळ्याचे कागद. ते गोळा करताना भावाची खरी अडचण कळली. त्यानं शेकडो मजल्यांची कामं केली होती, पण कुठल्याही कागदावर त्याचं नाव नव्हतं. जुन्या ठेकेदारांकडून अनुभवाची पत्रं मिळवण्यात आमचे सर्वांत जास्त हेलपाटे झाले. काहींनी आनंदानं दिली, काहींनी फोन उचलणं बंद केलं.

मी नोकरी सोडली नाही. रात्री नॅशनल बिल्डिंग कोडचा चौथा भाग आणि स्प्रिंकलरचं भारतीय मानक, आयएस १५१०५, वाचत बसायचे. आणि मला ते चक्क आवडायला लागलं.

सिनेमात एक काडी पेटली की सगळ्या छतातून पाऊस पडतो. तसं नसतं. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची एक छोटी कुपी असते, तिच्यात द्रव असतो. नेहमीच्या जागेत लाल कुपी, ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते. जिथं मुळातच उष्णता जास्त, तिथं ९३ अंशांची हिरवी. आगीच्या वर जी कुपी तापेल तीच फुटते आणि तेवढ्याच जागी पाणी पडतं. पार्किंगसारख्या मध्यम धोक्याच्या जागेत एका स्प्रिंकलरनं जास्तीत जास्त १२ चौरस मीटर सांभाळायचे. पाणी सुटलं की लाइनचा दाब उतरतो, आधी छोटा जॉकी पंप सुरू होतो, तो पुरा पडला नाही तर मुख्य पंप, आणि वीज गेली असेल तर डिझेलचा. माणूस झोपेत असला तरी हे सगळं आपोआप. स्वयंचलित स्प्रिंकलरचं एक सुरुवातीचं पेटंट कोणाचं, माहीत आहे? हेन्री पार्मली नावाच्या अमेरिकन पियानो बनवणाऱ्याचं, १८७४ सालचं. आपला कारखाना जळू नये म्हणून त्यानं ते केलं. तेव्हा मला वाटलं, पियानोवाला चालतो, तर सॉफ्टवेअरवाली का नको?

पण ही साखळी एका वॉल्व्हवर अवलंबून असते. तो कोणी बंद करून ठेवला, की पुढचं सगळं नुसती शोभा.

परवाना आला. पेढे झाले. आणि पहिल्याच जानेवारीत फोन सुरू झाले. 'तुमचा फॉर्म बीचा रेट काय?' आम्ही म्हणायचो, आधी येऊन बघतो. पलीकडून फोन ठेवला जायचा. एकदा रात्री भाऊ म्हणाला, 'ताई, तुला महिन्याच्या एक तारखेला पगार येतो. माझा थ्रेडिंग मशीनचा हप्ता पाच तारखेला असतो. तत्त्व मलाही कळतं, पण ते मला परवडायला हवं ना?' मला उत्तर देता आलं नाही. कारण तो खरं बोलत होता. दुसऱ्याच्या जिवावर प्रामाणिक राहणं सोपं असतं.

त्याच आठवड्यात आपल्या वर्गातल्या एकाचा फोन आला. त्याचं मंगल कार्यालय आहे, वर लॉजिंग आहे. तो इथे बसलाय आणि त्याला विचारूनच सांगते आहे. 'अगं, लायसन्स काढलंस म्हणे! एक फॉर्म बी देऊन टाक.' मी म्हटलं, मंगळवारी सकाळी येते. तो म्हणाला, 'लग्नसराई आहे. तू पंप चालू करून माझं कार्पेट भिजवशील.' तरी गेलो. हॉलचा मुख्य वॉल्व्ह बंद होता. झालं असं, की डेकोरेटरच्या पोरानं फुलांच्या माळा स्प्रिंकलरलाच बांधल्या, ओढताना एक तुटला, पाणी आलं, प्लंबरनं वॉल्व्ह बंद केला. तुळशीच्या लग्नापासून तो तसाच होता. शिवाय रंगकाम करताना चौदा स्प्रिंकलर रंगवून टाकले होते. रंगवलेला स्प्रिंकलर घासून चालत नाही, बदलावाच लागतो. मी सही केली नाही. तो म्हणाला, 'शाळेतल्या मैत्रीचं हे फळ?' त्याला फॉर्म त्याच दिवशी दुसरीकडून मिळाला. आम्ही चार महिने बोललो नाही.

मे महिन्यात त्याचा फोन आला. 'पोरीचं लग्न ठरलंय. आपल्याच हॉलमध्ये. आठशे माणूस आहे.' मग थोडा थांबला आणि म्हणाला, 'ये आणि काय बदलायचं ते बदल.' चौदा स्प्रिंकलर बदलले, वॉल्व्ह उघडून त्याला साखळी-कुलूप लावलं, टोकाचा टेस्ट वॉल्व्ह सोडला. गेजचा काटा उतरला, जॉकी सुरू झाला, मग मुख्य पंपाचा आवाज आला. हा गृहस्थ ते ऐकत उभा होता. लग्नात आम्ही जेवलो, कोणाला काही कळलं नाही. कळू नये, हेच बरं.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडूनच मिळालं. तो म्हणाला, 'कागदाचे पैसे घ्यायचेच नाहीत. तपासणीचे घ्यायचे. पास झालं तर फॉर्म, नाही झालं तर काय काय दुरुस्त करायचं त्याची यादी. पैसे दोन्हीला सारखेच.' आता आमच्या दरपत्रकात फॉर्म बी अशी ओळच नाही. गिऱ्हाईक कमी आहे, पण जे येतं ते दुरुस्तीचं कामही देतं. हप्ता निघतो. फार उरत नाही. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आपल्यातले किती तरी जण सोसायटीचे पदाधिकारी आहेत, कोणाचं हॉस्पिटल आहे, कोणाचं हॉटेल, कोणाचा क्लास. जुलैतला फॉर्म सही होऊन आला, की जमा करण्याआधी दहा मिनिटं खाली पंप रूममध्ये जा. पॅनलचा स्विच 'ऑटो'वर आहे का? गेजवर दाब आहे का? वॉल्व्ह उघडे आहेत का? डिझेल पंपाला बॅटरी आणि टाकीत डिझेल आहे का? पाण्याच्या टाकीत पाणी आहे का? आणि जो सही करणार आहे त्याला सांगा, माझ्यासमोर पंप चालू करून दाखव. यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. नववीचं विज्ञान पुरतं.

सर, तुम्ही तेव्हा माझ्या जर्नलवर सही केली नव्हती. पुढच्या आठवड्यात बर्फ मागवलात, मला एकटीला उभं करून प्रयोग करायला लावलात आणि मग केलीत. तेव्हा राग आला होता. आता दर जानेवारीत आणि जुलैत मी तेच करते.